कानातला बिल्ला सरकारचा, गोठ्याची वही आपली



या जिल्हा मेळाव्यात ऊसदराच्या बरोबरीने आम्ही आणखी एका विषयासाठी वेळ मागितला आहे. विषय आहे जनावरांच्या संगणकातल्या नोंदीचा. "ऊसदर सोडून हे बिल्ल्याचं काय काढलंय?" असे आमच्याच काही कार्यकर्त्यांनी तोंडावर विचारले. त्यांना उत्तर म्हणून हे चार शब्द.

आमच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात तपासणीला दोघे साहेब आले. हातात मोबाईल, मोबाईलमध्ये यादी. यादीत जनावरे चार, दावणीला जनावरे तीन. "चौथं कुठं आहे?" साहेबांनी विचारले. चौथी गाय २०२२ च्या लम्पीत गेली होती. घरच्यांनी तिला शेताच्या बांधाला पुरली, दोन दिवस चूल पेटली नाही. संगणकात मात्र ती जिवंत. उरली तीन. त्यातली कालवड यादीत दोनदा होती. तिचा पहिला बिल्ला कुंपणात अडकून पडला, दुसरा मारला, पण दुसरा मारताना पहिला नंबर रद्द कोणी केला नाही. म्हणजे एकाच कालवडीची दोन जनावरे झाली. आणि दावणीची म्हैस यादीत नव्हतीच. बाजारातून आणलेली म्हैस, तिच्या कानातला नंबर अजून दुसऱ्या तालुक्यातल्या जुन्या मालकाच्या नावावर. चार आणि तीन यांचा मेळ लागेना. शेवटी खरे जुळले एकच जनावर. साहेबांनी शेरा मारला, "माहिती जुळत नाही," आणि चहा घेऊन निघून गेले.

या सगळ्यात त्या शेतकऱ्याने खोटे काय केले? मेलेली गाय त्याने जिवंत दाखवली नव्हती. कालवडीचा दुसरा बिल्ला त्याने मारला नव्हता. म्हशीचे पैसे त्याने रोख मोजले होते. नोंद दुसऱ्यांनी केली, चूक दुसऱ्यांनी केली, शेरा मात्र त्याच्या नावावर पडला. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती ही.

हा बिल्ला आला कुठून?

बिल्ला आपण मागितला नव्हता. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने लाळ्या-खुरकूत आणि सांसर्गिक गर्भपात या दोन रोगांच्या नियंत्रणाचा देशव्यापी कार्यक्रम सुरू केला. लस टोचायची, कानात बारा आकडी पिवळा बिल्ला मारायचा आणि त्या नंबरावर जनावराची नोंद संगणकात करायची, अशी ती योजना. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने तयार केलेली 'इनाफ' नावाची संगणक प्रणाली आधीपासून होती. तिची जागा पुढे 'भारत पशुधन' या प्रणालीने घेतली. योजना कागदावर उत्तम आहे हे आम्ही मान्य करतो. रोग अमुक गावात आला, तिथली अमुक जनावरे लस टोचलेली, अमुक बाकी, हे एका जागी कळले तर रोग अडवता येतो.

पण मग हा बिल्ला लसीपुरता राहिला नाही. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये हुकूम काढला. १ जून २०२४ पासून बिल्ला आणि नोंद नसेल तर जनावराची खरेदी-विक्री नाही, वाहतूक नाही, आठवडी बाजारात आणि बाजार समितीच्या आवारात प्रवेश नाही. सरकारी दवाखान्यातली सेवा नाही. पुरात, वीज पडून किंवा वाघ-बिबट्याच्या हल्ल्यात जनावर गेले तर भरपाई नाही. म्हणजे लसीची खूण म्हणून जे कानात आले, तेच आता जनावराचे रेशनकार्ड झाले. इथून पुढे नोंद चुकली तर नुसता कागद चुकत नाही, पैसा बुडतो.

पाच रुपयांना बारा आकडे

पैसा कसा बुडतो, ते २०२४ साली आपण पाहिले. त्याच्या आदल्या वर्षी, २०२३ च्या जुलैमध्ये, सरकारने गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला लिटरमागे किमान ३४ रुपये दर ठरवून दिला होता. तो दर काही महिन्यांत कुठे विरघळला ते सरकारलाच ठाऊक. भाव पडले तेव्हा कोणी आमच्या गाईचा नंबर विचारला नाही. मग ओरड झाली, आंदोलने झाली आणि ११ जानेवारी ते १० मार्च २०२४ या काळासाठी लिटरला ५ रुपये अनुदान आले. पुढे १ जुलै ते ३० सप्टेंबर २०२४ पुन्हा ५ रुपये, त्यात संघाने ३० द्यायचे. मग १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर २०२४ मध्ये ७ रुपये, त्यात संघाने २८ द्यायचे. घाम गाळून काढलेल्या दुधाचा भाव पाडायला कसलीही नोंद लागत नाही. तोच भाव पाच-सात रुपयांनी परत द्यायचा झाला की बारा आकडी नंबर, आधार, बँकखाते आणि संस्थेतला कोड हे सगळे एका ओळीत जुळावे लागते!

हिशेब मांडून बघा. एका घरात दोन गाई, दिवसाचे वीस लिटर दूध. जानेवारी ते मार्चचे ६० दिवस, त्याचे ६,००० रुपये. जुलै ते सप्टेंबरचे ९२ दिवस, त्याचे ९,२०० रुपये. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे ६१ दिवस सात रुपयांनी, त्याचे ८,५४० रुपये. एकूण २३,७४० रुपये. बारापैकी एक आकडा चुकला, किंवा बिल्ला नवऱ्याच्या नावावर आणि दुधाचे खाते बायकोच्या नावावर असले, तर ही रक्कम अडकते. राज्यभर अशीच अडकली. 'त्रुटी' हा शब्द त्या वर्षी आपल्या बायाबापड्यांनाही पाठ झाला. डेअरीत विचारावे तर "संघाला विचारा", संघात विचारावे तर "वरून आलंय", वर विचारायला जावे तर भाडे अनुदानापेक्षा जास्त.

आणि आपल्या कोल्हापूरच्या म्हशीवाल्याची तर गोष्टच वेगळी. हे अनुदान गाईच्या दुधाला होते. म्हशीला नव्हते. बिल्ला मात्र म्हशीच्याही कानात. ज्या जिल्ह्याचे म्हशीचे दूध मुंबई-पुण्यात नावाजले जाते, त्या जिल्ह्यातल्या म्हशीवाल्याच्या वाट्याला या सगळ्यातून फक्त कान टोचून घेणे आले.

कायमचा तोडगा उत्पादनखर्चावर आधारलेला भाव हाच आहे आणि त्या मागणीवरून आम्ही तसूभरही हटलेलो नाही. पण भावाची लढाई चालू असताना जे पैसे आपल्या नावावर निघाले, ते एका आकड्यापायी सोडून द्यायचे, हा शहाणपणा आम्हाला मान्य नाही.

यादी खोटी का होते?

संगणक खोटे बोलत नाही असे साहेब लोक सांगतात. बरोबर आहे. पण आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? यादी कशी तयार होते ते गोठ्यात उभे राहून बघितले, की सगळे समजते.

लस टोचायला जो माणूस येतो, त्याला एका दिवसात वाड्यावस्त्या उरकायच्या असतात. खात्यात पदे रिकामी, हाताखाली माणूस नाही. तो बिल्ला मारतो, नंबर कागदावर लिहितो आणि रात्री रेंज मिळेल तिथे बसून मोबाईलमध्ये भरतो. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी, चंदगडच्या डोंगरात रेंज कशी असते ते आम्ही सांगायला नको. कागदावरचा ३ रात्री ८ दिसतो. मालकाचा मोबाईल नंबर विचारायचा राहिला तर दुसराच कुठला तरी टाकून ओळ पुरी केली जाते. पुढे मालकी बदलताना खातरजमेचा आकडा त्या भलत्याच मोबाईलवर जातो आणि शेतकरी बाजारात हातात दोर धरून उभा राहतो.

जन्म आणि मरण तर संगणकाला कळतच नाही. वासरू झाले, कळवायचे कोणाला? जनावर मेले, कळवायचे कोणाला? गावाकडून दवाखाना पाच-सात कोस, तिथले डॉक्टर दुसऱ्या दवाखान्याचा भार सांभाळायला गेलेले. बिल्ला झाडाझुडपात, दाव्यात, दुसऱ्या जनावराच्या शिंगात अडकून तुटतो. नवा मारताना जुन्या नंबराला जोडून मारला तर जनावर एकच राहते. तसा न मारता नवीन म्हणून मारला तर एकाची दोन होतात. मग वरच्या साहेबांना वाटते की जिल्ह्यात जनावरे वाढली!

बाजाराचे तेच. वडगावच्या बाजारात जनावर विकले जाते, हातात पैसे पडतात, दोर बदलतो. नोंद बदलत नाही. सीमेपलीकडे निपाणी-चिक्कोडीकडून जनावर येते, हरियाणा-गुजरातकडून म्हशी येतात. त्यांच्या कानात तिकडचे नंबर, तिकडची मालकी. दोन-तीन हात बदलून आलेल्या जनावराचा कागदावरचा मालक कोण, हे बाजारातल्या दलालालाही सांगता येत नाही.

यात लस टोचणाऱ्या गरीब माणसाला आम्ही दोष देत नाही. त्याला किती जनावरे टोचली, किती बिल्ले मारले, हे विचारले जाते. किती नोंदी बरोबर आहेत, हे कोणी विचारत नाही. जे विचारले जाते तेच काम होते. मोजायचे असेल तर खऱ्या नोंदी मोजा, बिल्ले कसले मोजता?

"बिल्ले काढून फेका" म्हणणाऱ्यांना

आता आपल्याच घरातला प्रश्न. काही तरुण कार्यकर्ते म्हणतात, "हे सगळं थोतांड आहे. एक दिवस ठरवून सगळ्यांनी बिल्ले काढून कलेक्टर कचेरीपुढे ढीग घालू." त्यांचा राग आम्हाला समजतो. त्या रागामागे भीतीही आहे आणि ती अगदीच खोटी नाही. २०१५ पासून राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे. भाकड जनावराचा बाजार बसला. उद्या विकलेल्या जनावराचे पुढे काय झाले, याचा जाब नंबरावरून आधीच्या मालकाला विचारला गेला तर काय? हा प्रश्न आमच्याही मनात आहे आणि त्याचे उत्तर आम्ही खाली मागण्यांत दिले आहे.

पण बिल्ल्यांचा ढीग घालून कोणाचे नुकसान होणार? ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवा. जुलै २०२१ चा आठवा. चिखली-आंबेवाडीत, शिरोळच्या कृष्णाकाठी लोक घर सोडायला तयार नव्हते, कारण दावणीला जनावरे होती. ज्यांची जनावरे गेली, त्यांना पंचनाम्याच्या वेळी विचारले गेले, तुमची किती होती, पुरावा काय. वाहून गेलेल्या म्हशीचा पुरावा काय दाखवायचा? २०२२ च्या लम्पीत सरकारने दुधाळ गाईला ३० हजार, ओढकामाच्या बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये मदत ठरवली. तिथेही सगळे कागदावर आले. ज्याच्याकडे नोंद होती त्याचे बोलणे साहेबाने ऐकून घेतले. ज्याच्याकडे नव्हती तो सांगत राहिला.

आणि सरकार बाजूला ठेवा. नोंद ही मुळात गोठ्याच्या फायद्याची गोष्ट आहे. शेतकी कॉलेजात आम्हाला पशुसंवर्धनाच्या तासाला हे शिकवले होते, पण गावात येऊन आम्हीच ते विसरलो. गाय २१ दिवसांनी माजावर येते. रेतनाची तारीख लिहिली नाही तर ती उलटली की गाभण आहे हे कळत नाही आणि एक माज हुकला की तीन आठवडे वैरण-पेंड फुकट जाते. गाय साधारण २८० दिवसांनी विते, म्हैस ३१० दिवसांनी. तारीख ठाऊक असेल तरच विण्याआधी दोन महिने तिला आटवता येते. कोणत्या वळूचे रेतन वापरले, त्याच्या कालवडीने पहिल्या वेताला किती दूध दिले, हे लिहिलेले असेल तर ती कालवड बाजारात नुसत्या कासेवर विकली जात नाही, वहीवर विकली जाते. तोंडी सांगितलेल्या पंधरा लिटरवर कोण विश्वास ठेवतो? तुम्ही-आम्ही तरी ठेवतो का?

विलायतेत काय झाले?

जनावरांच्या संगणकी नोंदीचा सगळ्यात मोठा धडा इंग्लंडचा आहे. तिथे गाईंना मेंदूचा एक रोग लागला, त्याला लोक 'मॅड काऊ' म्हणत. मार्च १९९६ मध्ये तिथल्या सरकारनेच कबूल केले की या रोगाचा संबंध माणसाच्या आजाराशी असण्याचा संभव आहे. लगेच युरोपने इंग्लंडच्या गोमांसाची निर्यात बंद केली. कोणती गाय कोणत्या गोठ्यात जन्मली, कुठे कुठे फिरली, हे खात्रीने सांगता येईना. म्हणून १ जुलै १९९६ पासून जन्मणाऱ्या प्रत्येक गुराला पासपोर्ट सुरू झाला आणि सप्टेंबर १९९८ मध्ये सगळ्या देशाची संगणकी नोंद सुरू झाली. तरी निर्यातीवरची बंदी पूर्ण उठायला २००६ साल उजाडले. गेलेला भरवसा परत मिळवायला दहा वर्षे लागली.

युरोपच्या २००० सालच्या कायद्यात या व्यवस्थेचे चार खांब होते. दोन्ही कानांत बिल्ले, जनावराबरोबर फिरणारा पासपोर्ट, शेतकऱ्याने गोठ्यात ठेवायची नोंदवही आणि सरकारचा संगणक. तपासणीला साहेब आला की चारही एकमेकांशी ताडून बघायचे. तिथल्या शेतकऱ्यांनाही या तपासणीचा जाच आहे, चुकीच्या नोंदीपायी त्यांचीही अनुदाने कापली गेली. पण एक फरक डोळ्यांत भरतो. त्या कायद्यात चारांपैकी दोन कागद शेतकऱ्याच्या हातात होते. संगणक चुकला तर तो आपली वही पुढे करतो. आपल्याकडे बिल्ला जनावराच्या कानात आणि नोंद सरकारच्या संगणकात. शेतकऱ्याच्या हातात काय? ज्याच्या हाती ससा तो पारधी! ज्याच्या हाती यादी, तोच खरा.

खरे तर आपल्या कायद्यातही कागदाची सोय आहे. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधाचा केंद्राचा २००९ चा कायदा आहे. लस टोचली, खूण केली, की मालकाला दाखला द्यायचा, असे तो सांगतो. मेळाव्यात आम्ही विचारणार आहोत. ज्यांच्या घरी असा लेखी दाखला आहे, त्यांनी हात वर करावेत. किती हात वर होतात ते बघू.

दप्तर कोणाचे?

कोल्हापूरकरांना हा प्रश्न नवा नाही. गावचे दप्तर ज्याच्या घरात, गाव त्याच्या मुठीत, हे जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये पुऱ्या केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये मांडले. कुळकर्ण्याची लेखणी शेतकऱ्याला कशी नागवते, हे त्यांनी दाखवून दिले. आणि याच करवीर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुळकर्णी वतने खालसा करून पगारी तलाठी नेमले. दप्तर घराण्याच्या पेटीतून बाहेर काढून कायद्याखाली आणले. आज शंभर वर्षांनी जनावरांचे दप्तर पुन्हा बंद पेटीत गेले आहे. फरक इतकाच, की पेटीला कुलुपाऐवजी पासवर्ड आहे. १९६२ नावाचे ॲप मोबाईलवर घेतले तर आपले जनावर दिसते म्हणे. दिसू द्या. पण दिसलेली चूक दुरुस्त करायला पुन्हा त्याच दवाखान्याची पायरी चढावी लागते, आणि केव्हा दुरुस्त होईल याची मुदत कोणी सांगत नाही.

आता जमिनीचे बघा. सातबारावर काही बदल करायचा तर १९६६ च्या जमीन महसूल कायद्याप्रमाणे आधी फेरफाराची नोंद धरावी लागते. संबंधितांना नोटीस द्यावी लागते. हरकत घ्यायला मुदत असते. हरकत आली तर सुनावणी होते, पटले नाही तर अपील होते. लिहिण्यातली चूक असेल तर ती दुरुस्त करण्याचे वेगळे कलम आहे. तलाठी आपल्याला कितीही फेऱ्या मारायला लावत असेल, पण त्याच्या डोक्यावर कायदा आहे. गुंठाभर जमिनीसाठी एवढी व्यवस्था, आणि लाख-दीड लाखाची म्हैस एका बोटाच्या चुकीने दुसऱ्याच्या नावावर! नोटीस नाही, हरकत नाही, अपील नाही. जिराईत एकरापेक्षा ज्या घरात दावणीवरच चूल चालते, त्या भूमिहीन बाईला तर दावण हीच जमीन आहे. तिच्या सातबाराला फेरफार का नको?

आधी आपला गोठा

सरकारला बोल लावायचा तर आधी आपले हात स्वच्छ हवेत. किती घरांत जनावरांची वही आहे? डेअरीच्या दहा दिवसांच्या बिलाची चिठ्ठी आपण खिशात मळवतो आणि फेकतो. मेलेल्या जनावराची खबर देत नाही. विकलेल्या जनावराची नोंद बदलण्याचा कंटाळा करतो. काही शहाणे तर शेजाऱ्याच्या गाईचा नंबर आपल्या दुधावर चढवून अनुदान उचलायला बघतात. अशा एका माणसापायी सगळी संस्था तपासणीत लटकते. असल्या बहाद्दरांची पाठराखण चळवळ करणार नाही, हे इथेच लिहून ठेवतो.

म्हणून प्रत्येक घरात एक गोठा वही हवी. साधी दोनशे पानी वही पुरे. दर जनावराला दोन पाने. पहिल्या पानावर बारा आकडी नंबर, तो चार-चारचे तीन गट पाडून लिहावा म्हणजे चुकत नाही. जात, रंग, शिंगे, अंगावरची खूण, घरी जन्मले की विकत आणले, कोणाकडून, केव्हा, कितीला. दुसऱ्या पानावर तारखा. माज, रेतन आणि वळूचा नंबर, गाभण तपासणी, वेत, वासरू नर की मादी. लाळ्या-खुरकूताची लस सहा-सहा महिन्यांनी, आणि पाडी-रेडीला चार ते आठ महिन्यांच्या वयात सांसर्गिक गर्भपाताची लस. आजार आणि औषध. महिन्यातून एकदा दोन्ही वेळचे दूध मापून आकडा. लस टोचणाऱ्याची सही त्याच वहीत, त्याच वेळी घ्यावी. बिल्ला पडला तर दिवस लिहावा आणि नवा मारताना जुना नंबर सांगून जोडून घ्यावा. जनावर मेले तर त्याच दिवशी दवाखान्यात लेखी कळवावे, बिल्ला दिसेल असा फोटो काढावा आणि अर्जाच्या नकलेवर पोच घ्यावी. बाजारात विकताना पावतीवर नंबर लिहावा आणि नाव बदलल्याशिवाय दोर सोडू नये. विकत घेताना कानातला नंबर आणि मोबाईलमधला मालक ताडून मगच पैसे मोजावेत.

आणखी एक. पहाटे शेण काढण्यापासून रात्रीची धार काढण्यापर्यंत गोठा बायका सांभाळतात. वही त्यांच्याच हातात द्या, ती बरोबर राहील. लक्ष्मीमुक्तीच्या काळात सातबारावर घरच्या लक्ष्मीचे नाव लावा असे शेतकरी चळवळीने सांगितले होते. आज आम्ही म्हणतो, बिल्ला, दुधाचे खाते आणि बँकेचे पुस्तक तिन्ही तिच्या एकाच नावाने करा. हक्क मिळेल आणि त्रुटीही निघणार नाही.

मेळाव्यापुढचा ठराव

जिल्हा मेळाव्यापुढे आम्ही पुढील ठराव मांडत आहोत. गावोगावी वाचून त्यात भर घालावी.

१. संगणकात नोंद झाली की त्याच दिवशी जनावराच्या मालकाला छापील, सहीचा दाखला मिळावा. तोच जनावराचा सातबारा.

२. मालकी, मृत्यू किंवा नंबर यात बदल करण्यापूर्वी मालकाला कळवावे, हरकतीला मुदत द्यावी. लिहिण्यातली चूक ठरावीक दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावी.

३. वर्षातून दोनदा, लसीकरणानंतर, गावच्या जनावरांच्या यादीचे चावडीवाचन व्हावे. सातबाराचे होते तसे. चार माणसांपुढे यादी वाचली, की मेलेली जनावरे आपोआप मरतील आणि दुबार जनावरे एक होतील.

४. तपासणीत नोंद जुळली नाही तर गोठा वही, दूध संस्थेचे खतावणी-पुस्तक आणि प्रत्यक्ष जनावर पुरावा म्हणून धरावे. चूक शेतकऱ्याची आहे असे सिद्ध होईपर्यंत अनुदान, भरपाई किंवा दवाखान्याची सेवा अडवू नये.

५. २०२४ च्या अनुदानातील जे अर्ज नुसत्या त्रुटीपायी अडकले, त्यांची गावनिहाय यादी जाहीर करावी, दुरुस्तीची संधी द्यावी आणि रक्कम व्याजासह द्यावी.

६. आठवडी बाजारात नोंद बदलून देणारा माणूस आणि यंत्र बाजार सुटेपर्यंत हजर असावे. एकदा नाव बदलले, की पुढे जनावराचे काय झाले याची कसलीही जबाबदारी आधीच्या मालकावर नसावी.

७. पशुवैद्यकीय खात्यातील रिकामी पदे भरावीत. माणूस न देता हुकूम काढू नयेत.

८. म्हशीच्या कानात बिल्ला मारायचा असेल, तर म्हशीच्या दुधालाही गाईच्या बरोबरीने अनुदानात धरावे.

ठराव पास करून टाळ्या वाजवल्या की काम संपले, असे समजू नका. मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने एक काम करून यावे. आपल्या दूध संस्थेतल्या दहा घरांच्या गोठ्यात जा. कानातला नंबर, मोबाईलमधली नोंद आणि संस्थेतले नाव ही तीन एका कागदावर लिहा. किती जुळतात, किती जुळत नाहीत, ते मोजा आणि तो कागद घेऊन या. सगळ्या गावांचे कागद एकत्र झाले की कलेक्टर साहेबांपुढे बिल्ल्यांचा ढीग घालायची गरज उरणार नाही. आपण त्यांच्यापुढे त्यांचीच यादी ठेवू आणि विचारू, सांगा, खोटे कोण?

वही घ्या. आजच घ्या. रात्रीची धार काढून झाली की पहिल्या पानावर पहिल्या गाईचा नंबर लिहा.